टोनीचं शेपटीवालं टिंब

या मित्रांनो, बसा इथेच दगडाच्या चुऱ्यावर. कपडे मळले तर झटकून टाका. तुम्हाला एका टिंबाची गोष्ट सांगते. टिंब केवढं? तिळाएवढं. पण त्याच्यात एक अख्खा माणूस मावला, बोला आता!

मी एक जुनी छिन्नी आहे. माझा जन्म उमेळे गावातला. हरेश्वर लोहाराने मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून मला काढली, भट्टीत लाल केली, ठोकठोक ठोकली आणि बुडवली पाण्यात. असा चटका बसला की काय सांगू! पण त्या चटक्यानेच धार आली. बॅप्टिस्ट पाथरवटाने मला नखावर घासून बघितली आणि बोलला, "हरेश्वर, ही पोरगी कामाची हाय."

बॅप्टिस्टच्या मागे मी त्याच्या पोराच्या हातात आले. त्याचं नाव सिप्रियन. काय हात होता मित्रांनो! वेशीवरचे क्रूस, गेटावरची नावं, कबरीचे दगड, सगळं आम्ही दोघांनी कोरलं. लोक थांबून बघायचे, अक्षरावर बोट फिरवायचे. माझी छाती फुलायची. छिन्नीला छाती नसते म्हणता? मग तुम्ही कधी छिन्नी झाला नाहीत.

पण शाळेच्या नावाने दोघांच्याही पाटीवर शून्य. इंग्लिश अक्षरं आम्ही चित्रासारखी काढायचो. आणि ती मधली टिंबं, काड्या, शेपट्या? सिप्रियनला वाटायचं, ती शोभेची. जागा उरली की एखादं ठोकून द्यायचा. एकदा निकोलसच्या गेटावर 'होम स्वीट होम' कोरलं, तर निकोलस बोलला, "स्वीटला दोन्ही बाजूने दोन दोन शेपट्या काढ, नटलेलं दिसेल." काढल्या. सिप्रियनची पोरगी विनी शाळेत इंग्लिश शिकवते. ती ते बघून पोट धरून हसायला लागली.

"पपा, अशा शेपट्या घातल्या की अर्थ होतो, घर नावालाच गोड!"

निकोलसची बायको दारातच उभी. ती बोलली, "राहू दे गो विनी. दगडात तरी खरं आलं."

त्या दिवसापासून विनीला विचारल्याशिवाय सिप्रियन टिंब ठोकायचा नाय. तिची मला भारी कमाल वाटते. ती दगडापुढे उकिडवी बसते, ओठ हलवत वाचते, आणि जिथे तिचा श्वास अडतो तिथे बोट ठेवते. इंग्लिशमध्ये डिमेलो लिहिताना डी-च्या डोक्याशी जी शेपटी असते ना, ती तिनेच बापाला नीट शिकवली. सिप्रियन बोलायचा, "हा बोय मासा. पाण्यावर उडी मारलेला."

मग मशीन आलं. सिप्रियनचे हातही थरथरायला लागले. मोठे दगड हायवेजवळच्या दुकानातून कोरून यायला लागले, सिप्रियन ते नुसते बसवून द्यायचा, आणि मी पडले पत्र्याच्या डब्यात, मेणबत्तीच्या तुकड्यांच्या शेजारी. गंज चढला. कोणी विचारेना.

अशात रेजिनाबायच्या कबरीचा दगड आला. पांढरा शुभ्र संगमरवर. तिला जाऊन वर्ष होत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सेची प्रार्थना, मग कबरीवर दगड बसवून फादर आशीर्वाद देणार. तिचा टोनी टेम्पो घेऊन आला. दगडावर वाकला, बोट फिरवत वाचलं, आणि बोट मागे घेतलं.

"आवडला नाय काय रे?" सिप्रियनने विचारलं.

"छान झालाय अंकल."

"मग तोंड का असं? सुके बोंबील खाल्ल्यासारखं?"

तेवढ्यात विनी शाळेतून आली. पर्स खांद्यावर तशीच, बसली दगडापुढे. वाचायला लागली, "लव्हिंग मदर ऑफ व्हिव्हियन टोनी अँड जीना." वाचून थांबली.

"पपा, रेजिना आंटीला पोरं किती?"

"तीन. तिघांची नावं आहेत की!"

"नावं तीन, पण माणसं दोनच झाली. व्हिव्हियनच्या पुढे कॉमा नाय. आपल्याकडे नावापुढे बापाचं नाव लावतात ना? मग वाचणारा समजणार, व्हिव्हियन टोनी हा एक आणि जीना दुसरी."

टोनी हळूच बोलला, "राहू दे विनी. लोक तरी वेगळं काय बोलतात?"

आता मित्रांनो, इथे मला गाठ सोडून सांगायला पाहिजे. टोनी रेजिनाबायच्या बहिणीचा पोर. बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा रेजिनाबायने ओल्या फडक्यातलं ते पोर आपल्या घरी आणलं. आपल्या दोन पोरांसारखंच वाढवलं. टोनी तिला आईच बोलायचा. पण लग्नकार्यात कोणीतरी विचारणारच, "हा सख्खा काय?" आणि आता दगडसुद्धा तेच विचारत होता.

चूक कोणाची? कोणाचीच नाय. जीनाने कॅनडाहून मोबाईलवर नावं पाठवली ती एकाखाली एक. तशी लिहिली तर कॉमा नसला तरी चालतं. मशीनवाल्याला दगड रुंद दिसला, त्याने सगळी एका ओळीत घेतली.

विनीने त्याला फोन लावला. तो बोलला, "मॅडम, परत मशीनवर चढवायचा तर पुढच्या आठवड्यात बघू."

सिप्रियनने डब्यात हात घातला. मेणबत्त्या बाजूला केल्या, मला काढली, पँटीला पुसली आणि सहाणेवर घासली. मित्रांनो, इतक्या दिवसांनी अंगाला पाणी लागलं!

विनीने पेन्सिलीने खूण केली. "इथे. व्हिव्हियनच्या पायाशी, ओळीच्या थोडं खाली."

"अँडच्या आधी नको?" सिप्रियनने विचारलं.

"काही जण तिथेही देतात. पण आपल्या तीन नावांना तिथे अँड पुरेसा आहे."

"म्हणजे डिमेलोच्या डोक्यावरचा तोच मासा ना? फक्त तळाला बसलेला?"

"तोच पपा!"

पण सिप्रियनचा हात थरथरत होता. संगमरवराचा टवका उडाला असता तर दगड गेला असता, आणि टोनीच्या मनात काय राहिलं असतं ते मी सांगत नाय. मी खुणेवर टेकले, घसरले. परत टेकले. तेव्हा टोनी पुढे आला आणि सिप्रियनच्या मनगटाखाली त्याने आपला तळवा धरला.

"मारा अंकल. मी धरलाय."

टक. टक. आधी गोल डोकं. मग अंग तिरकं करून मी डावीकडे वळले, बारीक शेपटी काढली, आणि उचलले गेले.

टोनीने फुंकर मारली. धूळ उडाली. त्याने मोठ्याने वाचलं, "लव्हिंग मदर ऑफ व्हिव्हियन..." आणि थांबला. चांगला थांबला. मग छाती भरून बोलला, "टोनी!"

विनी पर्समध्ये रुमाल शोधत बसली. सिप्रियन खेकसला, "आता रडू नका, टेम्पोवाल्याचं भाडं चढतंय."

मित्रांनो, इंग्लिशमध्ये ओळीने नावं लिहाल तेव्हा मधलं ते शेपटीवालं टिंब विसरू नका. आणि एक काम करा माझं. त्या कबरीकडे कधी गेलात, तर व्हिव्हियनच्या पुढे वाकून बघा. पावसाळ्यात त्या शेपटीत माती बसते. तेवढी नखाने काढून टाका.