माझी चौकशी

सत्तावन्न सालची गोष्ट. डॉक्टरेट झाल्यावर पुढचं संशोधन करायला इंग्लंडातल्या एका विद्यापीठाने मला दोन वर्षांची फेलोशिप दिली. ऐकून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे तुझं काही राहिलंय का? कुठे नापास वगैरे?"

"नाही हो अण्णा. पुढचं काम करायला बोलावलंय."

"फुकट कोण कुणाला बोलावतं?"

आमच्या किहीमच्या वाडीत नारळ पडला तरी अण्णा आधी तो पाडला कुणी ते बघतात, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. खाऱ्या हवेत लोखंड का गंजतं, हा माझा विषय. दाराच्या बिजागऱ्यांपासून सगळं गंजताना बघतच मी वाढले होते. सप्टेंबरअखेर विद्यापीठात हजर झाले नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि पासपोर्ट काही येत नव्हता.

शेवटी अलिबागला जाऊन विचारलं. पोलीस कचेरीतल्या फौजदारांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आमचा माणूस साध्या कपड्यांत चौकशीला किहीमला जाऊन आला," ते म्हणाले. "शेजारी सांगतात, कुमुद नावाची मुलगी आहे, पण मॅट्रिक झालेली, वय तेवीस, घर सोडून कुठे जात नाही. मग अर्ज करणाऱ्या तुम्ही कोण? उद्या वडिलांना घेऊन या."

शेजारी म्हणजे वेणूबाई. माझं डोकंच फिरलं. गेल्या वर्षी तिच्या शेळीवरून आमचं चांगलंच वाजलं होतं. त्याचा वचपा तिने असा काढला तर! एसटीतून उतरले ती थेट तिच्या दारात.

"वेणूबाई, माझ्या वाईटावर का उठलात?"

ती तांदूळ पाखडायची थांबली. "वाईटावर? अगो, मी तं चांगलंच सांगितलं. मला वाटलं, सोयरीक घेऊन कोन आलाय. येवढी शिकलेली पोर कोन करून घेनार? अण्णांनीच सांगून ठेवलंय, कोनी विचारलं तं मॅट्रिक सांगायचं, वय तेवीस सांगायचं."

"कधी सांगितलं?"

"लई वर्सं झाली. पन तेवीसच्या म्होरं जाऊ नको म्हनाले."

हसावं की रडावं कळेना. मी कुंपणापलीकडे भांडायला धावले होते आणि पाणी मुरत होतं आमच्याच घरात. उद्या कचेरीत बोलावलंय, एवढं सांगण्यापलीकडे त्या संध्याकाळी मी अण्णांशी अवाक्षर बोलले नाही. मी जावं असं त्यांना वाटतच नव्हतं. फौजदारांसमोरही ते तेवीसच म्हणाले, तर माझा कारभार आटोपला. मला त्यांचा काडीचा भरवसा वाटेना.

दुसऱ्या दिवशी कचेरीत अण्णा टोपी मांडीवर घेऊन बसले.

"मुलीचं वय?"

अण्णांनी मांडीवरची टोपी उलटीसुलटी केली. माझा जीव टांगणीला लागला.

"एकतीस," ते म्हणाले. "रसायनशास्त्रात डॉक्टरेट झालीय. मॅट्रिक सांगायला मीच लावलं होतं. स्थळं यावीत म्हणून."

"दोन वर्षांनी परत येणार ना?"

हो म्हणायला काय जात होतं? पण अण्णा माझ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "येशील ना गं?"

फेलोशिपमधली खोट ते इतके दिवस का शोधत होते, ते मला तेव्हा कळलं.

"येईन, अण्णा."

त्यांनी क्षणभर माझा चेहरा तपासला. मग फौजदारांना म्हणाले, "लिहा साहेब, येणार आहे ती." आणि उलट एक शब्दही न विचारता त्यांनी खाली सही केली. मला रडू आवरेना.