एकतीस जुलैच्या आत

अठ्ठावीस जुलैच्या दुपारी अकरा वर्षांची कोरीन मागच्या पायरीवर बसून मला तेल चोळत होती. आत तिची आई ॲडेल मक्याची कणसे उकडत होती. तसा निर्धास्त दिवस त्या घरात पुन्हा आला नाही.

मित्रांनो, मी बेसबॉलमधल्या कॅचरचा चामडी हातमोजा आहे. फलंदाजाच्या मागे उकिडवे बसून कॅचर माझ्यात चेंडू झेलतो. नवा होतो तेव्हा मी फळीसारखा ताठ होतो. कोरीनचे वडील रुडी व्हॉसलर यांनी मला हातोडीने बडवले, तेल पाजले आणि रोज पोटात चेंडू ठेवून पट्ट्याने बांधले. अख्खा हंगाम गेला, तेव्हा कुठे मी त्यांच्या हाताचा झालो. कॅचरच्या मोज्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही, असा रिवाज आहे. परवानगी होती ती फक्त कोरीनला.

रुडींचे कौतुक फारसे कोणी केले नाही. फलंदाजी बेताची, गुडघे दुखरे. मिलवॉकीच्या संघात येण्याआधी त्यांचे चार संघ, चार गावे झाली होती. एकतीस जुलैपर्यंतच संघांना आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करता येते. फोन आला की माणूस दुसऱ्या दिवशी विमानात. सिॲटलला ते एकटेच गेले, तेव्हा कोरीनने त्यांना पाच महिने पाहिले नाही. जुलै उतरणीला लागला की फोनच्या घंटीने ती दचकत असे. त्या वर्षी मात्र कॅचर ढिगाने उपलब्ध होते आणि रुडींना कोणी विचारत नव्हते. म्हणून ती शांत होती.

संध्याकाळी रुडींच्या संघातला लोनी नावाचा गोलंदाज हसतच घरात शिरला.

"वहिनी, सामान बांधा. दोन संघांचे कॅचर मोडलेत. एकाचं बोट, एकाचा गुडघा. बाकीचे सगळे आधीच उचलले गेलेत. तुमच्या नवऱ्याला सोन्याचा भाव आलाय."

"याला? गेल्या महिन्यात तूच म्हणालास, चेंडूंच्या पोत्याबरोबर फुकट दिला तरी कोणी घेणार नाही."

"तेव्हा पोत्यात कॅचरच भरले होते, वहिनी."

"मी आहे तोच आहे रे," रुडी म्हणाले. "गुडघेही तेच. मागणारे दोन झाले आणि शिल्लक मी एकटा, एवढंच."

"म्हणजे तुम्ही जाणार?" कोरीनने विचारले.

"उद्या त्या संघांची माणसं माझा खेळ बघायला येतायत. नीट खेळलो तर जावं लागेल, बाळा."

तिची बोटे माझ्या शिवणीत रुतली.

सकाळी तिने मला बॅगेतून काढले आणि तळघरात, हिवाळी कोटांच्या खोक्यात पुरले. माझ्याशिवाय बाबा नीट खेळणार नाहीत, मग त्यांना कोणी नेणार नाही, असा तिचा हिशेब होता. मोजा नाही म्हणून कॅचर घरी बसत नाही, तो दुसरा घालतो, हे तिच्या ध्यानात आले नाही.

लोकरीच्या त्या अंधारात मी घाबरून पडलो होतो. वरून रेडिओ ऐकू येत होता. नऊपैकी तिसऱ्या डावात निवेदक अचानक थांबला. मग म्हणाला, व्हॉसलर खाली बसलाय, हात पोटाशी धरलाय. वर एक खुर्ची सरकली.

कोऱ्या, ताठ मोज्यात चेंडू बसला नव्हता. अंगठा दोन जागी मोडला होता. दोन्ही संघांचे फोन त्याच दिवशी बंद झाले. एकतीस तारीख गेली, रुडी घरीच राहिले. कोरीनला हवे होते ते मिळाले, आणि ती जेवेनाशी झाली.

तिने मला गुपचूप गाडीच्या डिकीत ठेवले. सापडलो तेव्हा रुडी मला बघतच राहिले. "मीच ठेवून विसरलो," ते म्हणाले. अंगठा वाकडाच जुळला. हंगाम संपताच संघाने त्यांना सोडले. उरलेली वर्षे त्यांनी हार्डवेअरच्या दुकानात काढली. किल्ली सापडली नाही, चष्मा सापडला नाही, की ते म्हणत, "मोजा विसरणारा माणूस मी." प्रत्येक वेळी कोरीन खोलीबाहेर जाई.

मी कपाटात वाळत गेलो. मित्रांनो, चामड्याला वेळेवर तेल मिळाले नाही तर ते आतून तडकते, आणि वरून कळतही नाही. तुमच्या वस्तू जपा. आणि एखादी गोष्ट सांगायची राहिली असेल, तर ती सांगायला माणूस समोर आहे तोवर सांगा.

गेल्या मंगळवारी रुडींना पुरले. आज स्वयंपाकघरात त्रेचाळीस वर्षांची कोरीन मला तेल लावत होती. समोर ॲडेल कॉफी घेऊन बसली होती.

"दफनाच्या वेळी लोनी मला म्हणाला, वहिनी, रुडी तुम्हाला कुठे विसरून आला नाही, हेच नशीब," ॲडेल हसली. मग तिने डोळे पुसले. "शेवटच्या आठवड्यातही हे त्या मोज्याचंच बोलत होते गं. मी असा कसा विसरलो, म्हणाले."

कोरीनचा हात माझ्या आत थांबला. अकराव्या वर्षी रुतली होती तशीच तिची बोटे माझ्या शिवणीत रुतली.

"आई, बाबा विसरले नव्हते," ती म्हणाली. "मोजा मी लपवला होता. ते जाऊ नयेत म्हणून."