चौदावी सुई

"मूल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दार लावून घ्या. कुत्र्यानं मधेच अंग झटकलं तर सुया कुठं उडतील सांगता येत नाही," असं डॉक्टर तनुजा पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. ज्ञानेश्वरीनं मान डोलावली होती. दार मात्र लावलं नव्हतं.

लावणार तरी कसं? विशू नुकताच रांगायला लागलेला. पाळण्यात नाव विश्वजीत ठेवलं, पण सध्या त्यानं जिंकलं होतं ते फक्त पलंगाखालचं राज्य. पोर दाराआड गेलं की ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांपुढं नको नको ते यायचं. प्लगची भोकं, मोरीतली बादली, उंबऱ्याची कड. मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. केलेली ही बाई खुळखुळासुद्धा उकळून द्यायची. सासू म्हणायची, "अगं, रस्सा करती का काय त्याचा?" अशा बाईला दार अर्धं उघडं लागायचं. इकडं कुत्रं दिसतं, तिकडं पोर दिसतं. दिसतंय तोवर काही होत नाही, असा तिचा समज.

कुत्रं सासूचं. तिचं, राजाबाईचं, माहेर खुलताबादकडच्या धनगरांचं. भाऊ भिकन अजून मेंढरं घेऊन फिरतो. हौशा त्याच्या कळपाचा राखणदार. वय झालं, मागचे पाय धरले, कळपाबरोबर चालवेना, तेव्हा भिकननं त्याला टेम्पोत घातलं आणि गारखेड्यात बहिणीच्या दारात आणून सोडलं. "अक्का, माळावर ह्याला लांडगं खातील. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे." राजाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्या दिवसापासून हौशाची जागा तिच्या खाटेखाली. पडल्या पडल्या तो तिचा उजवा तळपाय चाटत राहायचा.

"आत्या, हाकला त्याला! काय काय असतं त्याच्या जिभेवर," ज्ञानेश्वरी ओरडायची. सासूला ती आत्या म्हणे.

"चाटू दे गं. शुगरची बाई मी, पाय गोड लागत असत्याल त्याला."

"आणि निदान घरात चपला तरी घाला. फरशी किती गार आहे."

"घरात देव हायेत अन् चपला घालू? मेंढरामागं अनवाणी फिरलेले पाय हायेत हे. काटा मोडतो, पाय नाय."



हौशाच्या खुब्यात संधिवात होता. उठताना विव्हळायचा, फिरायला नेलं तर दोन पावलांत बसकण मारायचा. दुखण्याच्या गोळ्या दिल्या तर मूत्रपिंडावर ताण आला, त्या बंद कराव्या लागल्या. मग रामप्रसादनं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या नवऱ्यानं, शेंद्र्याच्या कंपनीतल्या कुणाकडून तरी डॉक्टर तनुजांचा नंबर आणला. त्या प्राण्यांच्या डॉक्टर, वर ॲक्युपंक्चर शिकलेल्या. हौशाला गाडीत चढवताना त्याचे हाल व्हायचे म्हणून डॉक्टरच घरी येत.

"सुया टोचून दुखणं जातं व्हय?" राजाबाईनं पहिल्या दिवशी डॉक्टरांची उलटतपासणी घेतली होती. "आमच्यात डाग देत्यात. सळई तापवली की लावली खुब्याला."

"मग बरं व्हायचं का कुत्रं?"

"गप व्हायचं." राजाबाईनं थोडा विचार केला. "बरं नाय. गप."

डॉक्टर हसल्या. "आजी, सुईनं हाड नवं होत नाही. आखडलेलं सैल पडतं, दुखणं कमी होतं. सगळ्याच कुत्र्यांना गुण येतो असंही नाही. करून बघू."

हौशाला गुण आला. दुसऱ्या खेपेनंतर तो सकाळी न विव्हळता उठला, दारापर्यंत गेला आणि शेजारच्या मांजरावर एकदा भुंकून परत आला. राजाबाईनं त्या दिवशी त्याच्या भाकरीवर तुपाची धार धरली.

आणि तिसऱ्या खेपेला ते झालं.

दुपारची वेळ. बैठकीत सतरंजीवर हौशा आडवा. डॉक्टर एकेक सुई लावत होत्या, केसासारखी बारीक, वर तांब्याच्या तारेची इवलीशी मूठ. कण्याच्या दोन्ही अंगांना, खुब्याभोवती, घोट्यापाशी. लावताना मोठ्यानं मोजायची त्यांना सवय होती. "...बारा, तेरा, चौदा." हळूहळू हौशाचे डोळे जडावले, खालचा ओठ लोंबला, त्यानं लांबलचक जांभई दिली. दुखणारं जनावर असं सैल पडताना बघून ज्ञानेश्वरीच्याही खांद्यातली गाठ सुटल्यासारखी झाली.

आतल्या खोलीत विशूला राजाबाई खेळवत होती. चहाचं आधण उतू जाण्याचा आवाज आला म्हणून ती स्वयंपाकघराकडं वळली. तेवढ्यात अर्ध्या उघड्या दारातून विशूचं डोकं आलं, मग हात, मग सगळा विशू.

"हौ!" तो आनंदानं किंचाळला.

हौशानं डोळे उघडले. शेपूट हललं. आणि कुणी धरायच्या आत तो चार पायांवर उभा राहिला आणि नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग असं झटकलं, जसं तो माळावर पावसात भिजल्यावर झटकत असेल.

"धरा त्याला! बाळाला धरा!" डॉक्टर ओरडल्या. आतून राजाबाई तशीच धावत आली, सतरंजी तुडवत गेली आणि विशूला तिनं वरच्या वर उचललं. ज्ञानेश्वरीनं हौशाचा पट्टा धरला. डॉक्टरांनी अंगावरच्या सुया काढल्या, फरशीवरच्या वेचल्या, डबीत मांडल्या आणि मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"तेरा आहेत," त्या म्हणाल्या.

ज्ञानेश्वरीनं विशूकडं बघितलं. त्याचं तोंड हलत होतं.

तिनं त्याला सासूच्या हातातून ओढूनच घेतलं. बोट तोंडात घातलं. गालात, जिभेखाली, टाळूला. बिस्किटाचा लगदा निघाला. विशूनं भोकाड पसरलं. तो रडतोय ते बोटामुळं, की आत काही टोचतंय म्हणून?

"घाबरू नका, आधी शोधू," डॉक्टर म्हणाल्या. सतरंजी झटकली, मोबाइलचा उजेड फरशीलगत आडवा धरला, सोफा ओढला. हौशाची केसाळ पाठ डॉक्टरांनी बोटांनी विंचरून काढली. नाही.

"कुणाच्या पायात तर नाही ना गेली?" त्यांनी विचारलं. त्यांच्या पायांत मोजे होते. ज्ञानेश्वरीनं सपाता काढून बघितल्या.

"पायात गेली असती तर बोंबलले नसते व्हय?" राजाबाई म्हणाली.

खरंच होतं की. सुई टोचली तर माणूस ओरडतो. कुणी ओरडलं नव्हतं. म्हणजे एकच जण उरला, ज्याला सांगता येत नाही.

डॉक्टरांनी गाडी काढली. दवाखाना जवळच होता, पण त्या दिवशी गारखेड्यातला प्रत्येक स्पीडब्रेकर ज्ञानेश्वरीच्या छातीवरून गेला. गचका बसला की तिला वाटे, आत सुई सरकली. विशू हसला की धडकी, रडला की धडकी, गप्प बसला की त्याहून मोठी धडकी. तिनं रामप्रसादला फोन लावला. तिकडं मशीनचा आवाज. "निघालो," एवढंच तो म्हणाला.

"चूक माझी आहे," गाडी चालवता चालवता डॉक्टर म्हणाल्या. "दार मी स्वतः लावायला पाहिजे होतं."

ज्ञानेश्वरीनं विशूला आणखी घट्ट धरलं. दार कुणी उघडं ठेवलं होतं ते तिला माहीत होतं.

एक्स-रेच्या टेबलावर विशूचे हात वर धरून ठेवायचं काम तिलाच करावं लागलं. मग बाकावर बसणं. मग पडद्यावर ते चित्र. माशाच्या काट्यासारख्या बारीक बरगड्या, आणि त्यांच्या मधोमध लख्ख पांढरा ठिपका.

"ते काय?" तिनं ठिपक्याकडं बोट केलं.

लहान मुलांच्या डॉक्टरांनी चित्राकडं बघितलं, मग विशूकडं. "झबल्याचं टिचबटण आहे ताई. काढून पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. गळ्यापासून पोटापर्यंत कुठंच काही नाही. "धातू असता तर दिसला असता. निवांत घरी जा."

तिथंच बाकावर बसून ती रडली. विशूनं तिच्या गालावर थापट्या मारल्या. मग डोळे पुसून तिनं घरी फोन केला.

"पोराला काही नाही, आत्या."

"खंडेराया पावला," राजाबाई म्हणाली. "हिकडं नाय घावली बग सुई. समदं घर झाडलं. फ्रीजचं चुंबक काढून फरशीवर फिरवलं. चार टाचण्या निघाल्या अन् तुझी हरवलेली साडीपिन. सुई काय नाय."

जिवात आलेला जीव परत टांगणीला लागला. सुई पोरात नाही, म्हणजे घरात आहे. केसाएवढी बारीक, आणि उद्या सकाळी विशू त्याच फरशीवर रांगणार.

घरी पोचल्यावर तिनं त्याला खाली ठेवलंच नाही. कडेवर घेऊन फिरत राहिली. हात अवघडला, तरी नाही. राजाबाई खाटेवर पाय सोडून बसली होती. सगळं घर दोनदा झाडून थकलेली. डॉक्टरही गेल्या नव्हत्या. त्या पुन्हा सोफ्याखाली वाकल्या.

तेव्हा हौशा उठला. कुणी हात न लावता, न कण्हता. दुपारच्या गोंधळात त्याच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं, पण सुयांनी त्यांचं काम केलं होतं. तो सरळ राजाबाईपाशी गेला, फरशीवर बसला आणि तिची उजवी टाच हुंगायला लागला. चाटेना. हुंगायचा, मान मागं घ्यायचा, परत हुंगायचा.

ज्ञानेश्वरी बघत राहिली. चाटणाऱ्या कुत्र्याला तिनं शंभरदा हाकललं होतं. न चाटणारं कुत्रं ती पहिल्यांदा बघत होती.

"आत्या, पाय वर करा."

"का गं?"

"दाखवा मला."

राजाबाईनं पाय चटकन लुगड्यात ओढले. "सुनंच्या हातात तळपाय देऊ? म्हातारी झाले, मेले नाय अजून."

"आत्या, दाखवा म्हणते ना!" ज्ञानेश्वरी कधी नव्हे ती ओरडली. विशूला तिनं डॉक्टरांकडं दिलं, खाली बसली आणि सासूचा पाय ओढून मांडीवर घेतला.

भेगाळलेली, घट्ट पडलेली टाच. भेगांमध्ये दिवसभराची धूळ. आणि एका भेगेत तांब्याची तार चमकत होती. मूठ वाकून टाचेला चिकटलेली, सुई तिरकी आत.

डॉक्टरांनी चिमट्यानं ती बाहेर काढली. सबंध निघाली. ज्ञानेश्वरीनंच डोळे मिटून घेतले होते.

"दुखलं का, आजी?"

"काय?" राजाबाई म्हणाली.

ही बाई सुई पायात घेऊन दुपारभर सुई शोधत फिरली होती.

"आजी, आता डोळे मिटा. मी पायाला हात लावला की सांगायचं," डॉक्टर म्हणाल्या. राजाबाईनं शाळेतल्या पोरीसारखे डोळे गच्च मिटले. डॉक्टरांनी पेनाचं टोपण टाचेवर दाबलं. मग तळव्यावर. मग अंगठ्याखाली. ज्ञानेश्वरीला टोपणाचा वळ उमटलेला दिसत होता.

"लाव की मग," राजाबाई डोळे मिटूनच म्हणाली. "किती येळ बसू अशी?"

अंगठ्याखाली, जिथं हौशा रोज चाटायचा, तिथं भोक होतं. कडा पांढऱ्याफटक, आत काळं काहीतरी. बाभळीचा काटा, आतच मोडलेला.

"भिकनकडं मेंढरं कातरायला गेल्ते, तवाचा आसंल," राजाबाई म्हणाली आणि स्वतःच्या पायाकडं असं बघत राहिली जसा तो परक्याचा असावा. "दुखला नाय गं. खरंच दुखला नाय."

"मी माणसांची डॉक्टर नाही," तनुजा हळूच म्हणाल्या. "पण शुगरनं पाय बधिर झालेत. आजच दाखवा. उद्यावर नका टाकू."

रामप्रसाद दारात आला तो आईला घेऊनच परत बाहेर पडला.

ज्ञानेश्वरी विशूला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. दररोज सकाळी ती सासूचं बोट टोचून साखर मोजायची. पोळ्यांवर लक्ष ठेवायची, चहातली साखर चोरून कमी करायची. दर सणाला ह्याच पायांवर डोकं टेकवायची. पण पाया पडताना पाय वरून दिसतात. तळवे जमिनीला असतात.

आता रोज ड्रेसिंग चालू आहे. अंगठा वाचेल का, ते दवाखान्यातले डॉक्टर अजून ठामपणे सांगत नाहीत. "बघू" म्हणतात, आणि त्या शब्दानं तिची झोप उडते. हौशा फाटकापर्यंत जाऊन येतो. त्याच्या सुया आता दार लावून होतात, आणि त्या वेळी विशू मोठ्या रागानं दारावर थापा मारतो. रोज सकाळी सासूचे दात घासून झाले की ज्ञानेश्वरी छोटा आरसा तिच्या तळव्यांखाली धरते. राजाबाई कुरकुरते, "काय बाई, पायाला बी तोंड बघायला लावती," पण पाय देते.

भेटेल त्याला ज्ञानेश्वरी विचारते, घरात शुगरचं कुणी आहे का? तुम्हालाही तिनं निरोप दिला आहे. आई असेल, सासू असेल, वडील असतील, "मला काय होतंय" म्हणणारं कुणीही असेल. आज जेवणं झाली की त्यांच्यापाशी खाली बसा आणि त्यांचा पाय उचलून मांडीवर घ्या. लाजतील, ओढून घेतील, दुखत नाही म्हणतील.

दुखत नाही म्हणाले, तर आधी बघा.