लेबल नसलेल्या बाटल्या

दुकानाच्या मागे, गाड्या लावायच्या जागेला लागून, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली आहे. तिथे बाटल्या परत घेणारी दोन मशीनं उभी आहेत. प्रत्येकाला छातीच्या उंचीवर एक गोल तोंड. त्यात बाटली नाहीतर शीतपेयाचा डबा ठेवायचा. आतला पट्टा तो फिरवून लेबलावरचा बारकोड वाचतो आणि पटलं तर गिळतो. शेवटी चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर दाखवली की बाटली विकत घेताना भरलेलं डिपॉझिट परत मिळतं. पटलं नाही तर पट्टा उलटा फिरतो, बाटली पुन्हा तुमच्या हातात येते आणि पडद्यावर अक्षरं उमटतात : लेबल वाचता आले नाही.

डिपॉझिटची ही योजना सुरू होऊन पाच महिने झाले होते. त्याआधी वीस वर्षं नगरपालिकेने लोकांना शिकवलं होतं की बाटली चेपून टाका, कचऱ्यात जागा कमी लागते. आता चेपलेली बाटली मशीन घेत नव्हतं. लोक न चेपलेल्या बाटल्या आठवडाभर बाल्कनीत, जिन्याखाली, पलंगाखाली साठवत आणि रविवारी सगळे एकदम घेऊन येत. तोवर एक मशीन भरून बंद पडलेलं असे.

"घेताना यांना मशीन लागत नाही, द्यायची वेळ आली की मशीन लागतं." हे वाक्य मशीनवाली दिवसातून दहा वेळा तरी ऐकायची. म्हणणारा प्रत्येक जण ते आत्ताच सुचल्यासारखं म्हणायचा.

मशीनवाली म्हणजे निळा कोट घालून तिथे उभी असणारी बाई. वय अडतीस. भरलेली पिंपं बदलायची, मशीनची काच पुसायची आणि लोकांचं ऐकून घ्यायचं, ही तिची कामं. पहिली दोन अंगवळणी पडली होती. छातीवरच्या पट्टीवर तिचं आडनाव लिहिलेलं होतं, पण ते कुणी वाचत नसे. "ओ मशीनवाल्या ताई" एवढ्यावर भागत होतं.

ही नोकरी खरं तर तिच्या आईची होती. आई चोवीस वर्षं बाटल्या निवडायच्या शेडमध्ये होती. गावभरच्या बाटल्या तिथे येत. शेडमधल्या बायका त्या गरम पाण्याच्या टाकीत बुडवत, लेबल काढत, रंगाप्रमाणे वेगळ्या करत. लेबल राहिलं तर पुढचा कारखाना अख्खी गाडी परत पाठवायचा, त्यामुळे लेबल काढणं हेच मुख्य काम. आईच्या उजव्या अंगठ्याचं नख त्या कामासाठीच घडवल्यासारखं होतं. कडेला एकदा नख घातलं की लेबल न फाटता अख्खं निघायचं. तिला तिथे सगळे लेबलवाली मावशी म्हणत. योजना आली, बाटल्या मशीनकडे वळल्या आणि शेड बंद झाली. कंपनीने शेडमधल्या प्रत्येक घरातल्या एकाला मशीनवर घ्यायचं कबूल केलं. आईचे गुडघे आठ तास उभं राहण्यातले नव्हते. तिने मुलीचं नाव दिलं. वडील वारले होते, मुलीने लग्न केलं नव्हतं, घर भाड्याचं. सहा महिन्यांनी नोकरी कायम होणार होती. पाच संपले होते.

आई घरी बसून राहणारी नव्हती. इमारतीतल्या लोकांना रांगेचा इतका वीट आला होता की बाटल्या ते तिच्याच दारात ठेवायला लागले. "मावशी, तुम्हीच न्या, डिपॉझिट तुम्हालाच." आईने पहिल्या आठवड्यात एकतीस बाटल्या जमवल्या, कोमट पाण्यात बुडवल्या, घासल्या, लेबलं काढली, उन्हात वाळवल्या आणि काचेसारख्या लख्ख करून दोन थैल्यांत भरून मशीनवर आणल्या. एकतीसच्या एकतीस परत आल्या.

"अगं, लेबल काढायचं नसतं," मुलगी तेव्हा हळूच म्हणाली होती. "तेच तर वाचतं ते."

"घाण लेबल वाचतं आणि स्वच्छ बाटली वाचत नाही?"

"हो."

"शिकलेल्या माणसांनी बनवलंय ना हे?"

घरी गेल्यावर मुलीने पुन्हा समजावलं. आई बरं म्हणाली. पण रेडिओ लागला, टब पुढ्यात आला की तिचे हात आपोआप चालायचे. रात्रीच्या बातम्या संपेपर्यंत टबाशेजारी लेबलांची चळत झालेली असायची. "अगं बाई, परत," असं म्हणून ती स्वतःवरच हसायची. मग हसणं थांबलं. मुलीच्या पाळीत कंपनीचा तपासनीस येऊ लागल्यावर मुलीने सांगितलं, "माझ्या मशीनवर येऊ नकोस आई. घरच्यांच्या बाटल्या चालत नाहीत." आईने तेही मान्य केलं. ती दोन थांबे पलीकडच्या दुकानात जायला लागली. तिथे काय होतं, हे ती सांगत नसे आणि मुलगी विचारत नसे.

तो रविवार महिन्याचा शेवटचा. पलीकडच्या दुकानातल्या मशीनला कुलूप होतं, त्यामुळे तिकडचीही माणसं इकडे आली. रांग गाड्यांमधून वळून पार रस्त्यापर्यंत गेली होती. तक्रारी फार झाल्या म्हणून तपासनीस सकाळपासून हजर होता. तरुण, नीटनेटका, हातात पॅडला लावलेले फॉर्म. रांगेची व्यवस्था टोपीवाल्या काकांनी आपणहून स्वीकारली होती. ते निवृत्त होते, दर रविवारी अकरा डबे आणत आणि दोन तास थांबत.

"ओ दादा, ट्रॉली भरून आणलीत, लग्न होतं का घरी?" काका कुणाला तरी म्हणाले.

"लग्न कुठलं, तीन रविवार परत जातोय. आता घरात आम्ही राहायचं की बाटल्यांनी, एवढंच ठरायचंय."

मशीनवालीने पिंप बदलून मान वर केली तेव्हा रांगेच्या तोंडाशी आई उभी होती. दोन्ही हातांत थैल्या, चेहरा घामेजलेला. तिने मुलीकडे पाहिलं नाही. पहिली बाटली मशीनच्या तोंडात ठेवली.

बाटलीवर लेबल होतं.

ती मशीनने घेतली. दुसरी घेतली. आईची पाठ थोडी ताठ झाली. तिसरी परत आली, चौथीही आली. पाचवी तिने फिरवून ठेवली, तीही आली. मागून कुणी तरी उसासा टाकला.

"आजी, बाजूला घ्या ना जरा. आम्ही काय इथे मुक्कामाला आलोय?"

"होतंय, होतंय," आई म्हणाली. "दोन तर घेतल्या त्याने."

टोपीवाले काका मदतीला पुढे झाले. त्यांनी परत आलेली बाटली उचलली, उजेडात धरली, अंगठ्याने चाचपली. "हे लेबल डिंकाने चिकटवलंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, चूक सापडल्याचं समाधान होतं. "आणि मोठ्या बाटलीचं आहे. बाटली छोटी आहे ही."

मोठ्या बाटलीचं डिपॉझिट दुप्पट असतं. रांगेत कुजबुज झाली आणि मग कुजबुजीचा आवाज चढला.

"म्हणजे आमच्या बाटल्या परत आणि ह्यांच्या चोरीच्या आत."

"अशा लोकांमुळेच मशीन बंद पडतं."

मशीनवालीला सगळं कळलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला ओळीने चिकटवून वाळत घातलेली लेबलं तिने महिनाभर पाहिली होती. एकाच कंपनीच्या पाण्याची, सगळी निळी. लहानमोठी एकत्र वाळत होती. आई त्यांचं काय करते, हे तिने विचारलं नव्हतं.

तपासनीस आला. त्याने थैल्या पाहिल्या, आठ-दहा बाटल्या फिरवून पाहिल्या आणि एक फॉर्म काढला. मग मशीनवालीला दोन पावलं बाजूला घेतलं, पण इतकीही नाही की आईला ऐकू जाऊ नये.

"ह्या बाई नेहमीच्या आहेत का? तुमच्या ओळखीच्या? विचारावं लागतं. मागे एका ठिकाणी मशीनवाल्याची मेहुणीच अशी लेबलं घेऊन यायची. लेबलं तोच पुरवायचा. दोघांवर केस झाली."

मशीनवालीने तोंड उघडलं. काय म्हणणार होती हे तिला पुढे कधीच नक्की आठवलं नाही. हो म्हणणार होती, असं ती स्वतःला सांगायची.

"ह्या कशा ओळखणार मला," आई म्हणाली. "मी पलीकडच्या दुकानात जाते. आज तिथे कुलूप होतं म्हणून आले. ह्या ताईंना मी आजच बघतेय."

तपासनिसाने मशीनवालीकडे पाहिलं. मशीनवाली गप्प राहिली. तेवढं त्याला पुरलं.

"फॉर्म तुम्हीच भरा," तो म्हणाला. "मशीनवरच्या माणसाच्या अक्षरात लागतो."

तिने पेन काढलं. "नाव?"

आईने नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट. चाळीस वर्षांत ते आडनाव तिने कुठेच लावलं नव्हतं. मुलीच्या छातीवरच्या पट्टीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मशीनवालीने ते नाव लिहिलं. मामाकडच्या जुन्या पत्रांवर तिने ते लहानपणी वाचलं होतं, म्हणून शुद्ध लिहिता आलं.

"सही करा इथे," तपासनीस म्हणाला.

"सही येत नाही मला. अंगठा चालेल?"

आई शेडमध्ये चोवीस वर्षं पगाराच्या वहीत सही करत होती. त्याआधी मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करायची. ठसठशीत, आडनावाखाली रेघ ओढलेली सही. मशीनवालीने शाईचा डबा तिच्यापुढे धरला. आईने अंगठा टेकवला, कागदावर दाबला. नुसता निळा गोल उमटला.

"रेषा आल्या नाहीत. परत करा."

परत केला. पुन्हा गोल.

"नाहीतच हो रेषा," आई म्हणाली. "गरम पाण्यात गेल्या."

तपासनिसाने राहू द्या म्हटलं. तो उर्मट नव्हता. त्याने मोबाइलवर आईचा फोटो काढला आणि नियम समजावला : तीन महिने कुठल्याही मशीनवर यायचं नाही, तेवढे दिवस फोटो इथल्या भिंतीवर राहील. आईने मान हलवली. बाटल्या जप्त झाल्या. रिकाम्या थैल्यांची घडी घालून ती निघाली. वाटेत तिने रांगेतल्या एका बाईला म्हटलं, "तुमचा खोळंबा झाला." काकांनी दारातली ट्रॉली सरकवून तिला वाट करून दिली.

संध्याकाळी मुलगी घरी आली तेव्हा जेवण झाकून ठेवलेलं होतं. खिडकीची काच स्वच्छ होती, एकही लेबल नाही.

"आई, मघाशी मी..."

"हात धू आधी."

तिने हात धुतले. जेवायला बसल्यावर आई म्हणाली, "तो टोपीवाला माणूस चांगला आहे. नजर पक्की आहे त्याची. शेडमध्ये असायला हवा होता." मग तिने आपला अंगठा पाहिला. "ही शाई काही लवकर जात नाही."

"तू का म्हणालीस तसं?"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

आईने तिच्या ताटात आणखी भात वाढला.

फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. तो दोन मशीनच्या मधल्या भिंतीवर लावायचं कामही मशीनवालीचंच होतं. कागद मोठा होता, गोंद चांगला होता. फोटोखाली फॉर्मवरूनच छापलेला अंगठ्याचा निळा गोल आणि त्याखाली तिच्याच अक्षरातलं नाव. त्याच्याकडे पाठ करून काम करता येत होतं, पण काच पुसताना तो समोर यायचा. महिनाभरात नोकरी कायम झाली. घरी सांगितलं तेव्हा आईने पेढे आणायला खाली जाते म्हटलं आणि गुडघ्यांमुळे अर्ध्या जिन्यातून परत आली.

इमारतीतल्या लोकांनी दारात बाटल्या ठेवणं बंद केलं नव्हतं. आई त्या सकाळी उचलून कचऱ्याच्या पिंपात टाकायची. चेपून, पूर्वीसारख्या. रेडिओ लावायची, आणि हात मांडीवर ठेवून ऐकायची.

एका रविवारी टोपीवाले काका फोटोकडे बघत म्हणाले, "ताई, ती म्हातारी परत आली का हो कधी?"

"नाही."

"मी बोलायला नको होतं. म्हणजे चूक ती चूकच, पण..." त्यांनी आपला डबा मशीनमध्ये ठेवला. मशीनने तो परत दिला. "बघा, मलाही घेत नाही."

बोलायचं, हे मुलगी रोज बसमध्ये ठरवायची. रोज घरी पोचल्यावर आई काही तरी विचारायची, भाजी काय आणलीस, बस वेळेवर होती का, आणि ते राहून जायचं. असे नव्वद दिवस गेले. मुलीने मोजले नव्हते.

एका सकाळी डब्याच्या पिशवीत एक थर्मास होता.

"चहा कशाला? तिथे मिळतो," मुलगी म्हणाली.

"चहा नाही. पाणी आहे, कोमट." आई तिच्याकडे पाठ करून ओटा पुसत होती. "आज तीन महिने होतात. भिंतीवरचं असेल तर आधी फडकं भिजवून लाव, पाच मिनिटं थांब. ओढायची घाई करू नकोस. कोपऱ्यातून नख घाल."

मुलगी दारात उभी राहिली. "आई."

"बस जाईल तुझी."

दुकान उघडायच्या आधी तिने थर्मासमधलं पाणी फडक्यावर ओतलं, ते कागदावर दाबून धरलं आणि पाच मिनिटं थांबली. पाणी अजून कोमट होतं. मग कोपऱ्यात नख घातलं. कागद सुटला, खालून वर, आडनाव आधी, मग निळा गोल, मग चेहरा. कुठेही फाटला नाही.

ओला कागद दोन्ही तळव्यांवर घेऊन ती उभी होती. नियमाप्रमाणे तो फायलीत लावायचा असतो. ओला लावता येत नाही, वाळवावा लागतो. वाळवायला तिथे खिडकी नव्हती.

"ओ मशीनवाल्या ताई," मागून कुणी तरी म्हणालं. बाहेर रांग लागली होती. "चालू आहे का मशीन?"

"चालू आहे," ती म्हणाली. "या."