पत्र्याची चकती

दादाने धाकटीच्या चौकटी अंधाऱ्या कोपऱ्यात रचल्या आणि खिडकीजवळच्या टेबलावर स्वतःचा रंधा मांडला, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं काम बारीक नक्षीचं. उजेड नसेल तर काय चाचपून फुलं कोरायची? दादा करतो दरवाजे; दरवाज्यांना कशाला हवी खिडकी?

"काही दिवस बसतो इथे," एवढंच तो म्हणाला.

"बस की! मोठ्यांनी बसायचं, धाकट्यांनी उठायचं."

बाहेर भिंतीवरच्या लाकडी पेटीतही हेच चाललं होतं. पेटी तिने ठोकली चिमुकल्या, काळ्या टोपीच्या पाखरांसाठी. त्यांनी शेवाळ आणून घर केलं, आणि महिन्यापूर्वी त्यांच्याच जातकुळीतल्या, तशाच टोपीच्या पण दीडपट अंगाच्या थोराड जोडीने त्यांना हुसकावलं. गल्लीत पोकळ झाड एकही उरलेलं नाही. एका भोकावरून सगळी भाऊबंदकी. चिमुकली अजून तारेवर बसून चिरचिरायची. त्या रडगाण्याचाही तिला वीट आला होता.

थोराड जोडी उडालेली पाहून तिने पत्र्याची चकती कापली, मधोमध लहान भोक पाडलं आणि पेटीच्या तोंडावर स्क्रूने घट्ट बसवली. आता या म्हणावं! आत डोकवायची तिला गरजच वाटली नाही.

थोड्याच वेळात पत्र्यावर टकटक सुरू झाली. थोराड मादी चोचीत अळी धरून पुन्हा पुन्हा आपटत होती आणि पेटीत पिल्लांनी गिल्ला केला होता. धाकटीने शिडी पुन्हा भिंतीला टेकवली.

"दादा, स्क्रूड्रायव्हर आण, पटकन!"

तो धावत येऊन शिडीवर चढला. भर उन्हात स्क्रूड्रायव्हर खाचेवरून घसरला, पुन्हा घसरला. मग तो बोटाने खाच चाचपू लागला.

"दादा, कधीपासून नीट दिसत नाही तुला?"

"झाले काही महिने."

"मग तोंडाला काय कुलूप होतं?"

"तू विचारलंस?"

तिने त्याला खाली उतरवलं, स्वतः चढून चकती काढली. मादी तिच्या कानाजवळून आत शिरली. तारेवरची चिरचिर चालूच होती.

"उद्या तुम्हाला दुसरी पेटी ठोकते, लहान भोकाची. आता गप बसा!" ती खेकसली आणि आत जाऊन तिने टेबलाचं टोक धरलं.

"बघतोस काय? धर तिकडून. टोक खिडकीला लावू, दोघं समोरासमोर बसू."

"माझा भुसा तुझ्या नक्षीवर उडेल गं."

"उडू दे. रोज शिव्या देईन. धर आधी!"