दादाचा संयम

आमचा दादा क्लॅरिनेट वाजवतो आणि दुसऱ्याला वाजवू देत नाही. मी व्हायोलिनवर एखादी सुरावट धरली की तो मध्येच घुसतो, ती पुरी करतो आणि वर विचारतो, "हेच म्हणायचं होतं ना तुला?" मला ते म्हणायचं नसतं. पण धाकट्या बहिणीला विचारतो कोण?

दादा, मी आणि दातांचे डॉक्टर अशी आमची तिकडी. तिघं तीन गावांत, म्हणून रविवारी दुपारी इंटरनेटवर जमतो. आधी काही ठरवायचं नाही, सुचेल ते वाजवायचं. डॉक्टर दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीशेजारी ड्रम मांडतात. मी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाजवते, म्हणजे खोलीत आवाज घुमत नाही. दादा गाडीत बसतो. वहिनीनं क्लॅरिनेटला घराबाहेर काढलं, तेव्हा त्याच्याबरोबर दादाही गेला.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला एकटीला फोन केला. "तुझ्या भावानं नाकात दम आणलाय माझ्या. आवाज आधीच उशिरा पोचतो, त्यात हा कुणाला श्वास घेऊ देत नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलंय, दोघं बोलत असताना तिसऱ्यानं गप्प बसायला शिकावं. या रविवारी जमलं तर ठीक, नाहीतर आपण दोघंच वाजवू."

निवृत्त झाल्यापासून दादा आठवडाभर या एका दुपारची वाट बघतो. ती गेली तर तो खचेल, आणि ते त्याला सांगायची वेळ माझ्यावर येईल.

रविवारी नेहमीप्रमाणे आम्ही चेहरे बंद केले. चित्र नसलं की आवाज जरा लवकर येतो, असं डॉक्टरांचं मत आहे. सुरू करणार तेवढ्यात कुणीतरी दादाच्या गाडीची काच ठोठावली. "गाडी पुढे घ्या." दादा आम्हाला "एक मिनिट हं" म्हणाला आणि गप्प झाला. थोड्या वेळानं त्यानं लिहून पाठवलं, करा सुरू.

डॉक्टरांनी ठेका धरला. मी एक सुरावट घेतली आणि सवयीनं दादाच्या धडकेची वाट पाहिली. तो आला नाही. मग मीच ती पुरी केली. पुरी करायची सवय नसल्यामुळे पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून तीच वळवून अगदी खाली नेली. डॉक्टर तिथे अलगद माझ्याबरोबर उतरले. मला मजा यायला लागली. बऱ्याच वेळानं पडद्याकडे पाहिलं, तर दादाच्या माईकवर लाल काट.

म्हणजे हा बाबा तिकडे गाल फुगवून जीव तोडून वाजवत होता, आणि श्रोते म्हणून फक्त मागची सीट.

सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तो सगळी कसर भरून काढायला तुटून पडला असता, आणि डॉक्टरांनी त्याला तिथल्या तिथे नारळ दिला असता. मी मूग गिळून वाजवत राहिले. खरं म्हणजे मला थांबायचंच नव्हतं.

शेवटी क्लॅरिनेट ठेवताना बहुधा दादाच्या नकळत बटण दाबलं गेलं आणि त्याचा माईक चालू झाला. त्याला धाप लागली होती.

"मानलं तुला," डॉक्टर म्हणाले. "काय संयम दाखवलास आज."

"हो, आज जरा हात आखडताच घेतला," दादा म्हणाला.

"आखडता? अरे, हात खिशातच होते की."

दादाला हेही कौतुकच वाटलं. तो खुशीत हसला. मी हसू शकले नाही, कारण डॉक्टर सगळं रेकॉर्ड करून आम्हाला पाठवतात आणि दादा त्यात स्वतःला ऐकत बसतो.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ऐकलं मी. त्यात मी कुठंच नाहीये."

"माईक बंद होता, दादा. मला दिसलं होतं. मी बोलले नाही."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"आधी स्वतःला शोधायला ऐकलं," तो म्हणाला. "मग परत नुसतंच ऐकलं. तू ती सुरावट खाली नेलीस ना, मी तिथे वर गेलो होतो."

"बरं मग?"

"तुझंच बरोबर होतं."

मला रडू आलं. लहानपणापासून याच्या शेजारी बसून वाजवतेय, आणि यानं मला आज पहिल्यांदा ऐकलं.

"डॉक्टरांना काय सांगू?" मी नाक पुसत विचारलं.

"काही सांगू नकोस. पुढच्या रविवारी माईक चालू ठेवून गप्प बसतो." मग म्हणाला, "जमेल असं वाटत नाही. पण बसतो."