वर्षअखेरीची गल्ली

परवाना खात्यात त्याला सगळे ‘वेळापत्रक’ म्हणत आणि त्याला ते आवडायचंही. पूर्वी शहरातल्या सगळ्या दुकानांचे परवाने वर्षअखेरीला एकदमच संपायचे आणि खिडकीवर झुंबड उडायची. यानेच डोकं चालवून गल्ल्या बारा महिन्यांत वाटून दिल्या. गल्लीचा जो महिना, त्यात तिथल्या दुकानांनी नूतनीकरण करून घ्यायचं. साहेबांनी पाठ थोपटली आणि तेव्हापासून स्वारी जमिनीवरून दोन बोटं वर चालायला लागली.

त्याच्या धाकट्या बहिणीची लाँड्री होती. आधी हातातली इस्त्री, मग वाफेचं मशीन, मग कामाला दोन बायका, अशी तिने ती उभी केली होती. आपला महिना कुठला, हे विचारायला तिने वर्ष सुरू होताच त्याला फोन केला. जरा कार्यालयातल्या फळ्यावरची यादी बघून सांग, म्हणाली. तिथेच बिनसलं. ज्याने वेळापत्रक केलं त्यालाच फळा बघायला सांगते म्हणजे काय! जागेवरून न उठता त्याने सांगून टाकलं, की तुझी गल्ली वर्षअखेरीला, निवांत राहा.

पहिल्या खर्ड्यात ती वर्षअखेरीलाच होती. पण खिडकीवरचा भार सारखा करताना यानेच ती उचलून पहिल्या महिन्यात टाकली होती, आणि साफ विसरला होता.

तपासनीस लाँड्रीत जाऊन आला तेव्हा हे उघडकीला आलं. वस्तीत वाफेच्या मशीनला आता नवा परवाना मिळत नव्हता. जुन्यांचं चालू होतं, पण नूतनीकरणात खंड पडला नाही तोवरच. बहिणीचा खंड पडला होता.

एक वाट होती. कार्यालयाकडूनच चुकीची माहिती गेली असेल, तर साहेब खंड माफ करू शकत. म्हणजे याने नुसतं तोंड उघडायचं होतं. सुनावणीत उभं राहून सांगायचंच, असं ठरवून तो घरून निघाला. अंगात बहिणीनेच इस्त्री केलेला शर्ट होता. वाटेत त्याला बढती आठवली. ती तोंडावर आली होती.

साहेबांनी बहिणीला सरळ विचारलं, “आमच्याकडून कुणी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं का?”

ती भावाकडे बघत राहिली. साहेबही थांबले. नोंद घ्यायला बसलेला हा मात्र पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिला.

“नाही, साहेब,” ती म्हणाली. “माझंच लक्ष नव्हतं.”

साहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचीच त्याला जास्त शरम वाटली.

मग तो तिच्या मागोमाग व्हरांड्यात गेला. आता जाऊन बोलायचं काय, तर तू खरं का सांगितलं नाहीस, असं त्याने तिलाच विचारलं.

“मी सांगायचं होतं का ते, दादा?”

ती पर्समधून किल्ल्या काढत होती. रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिचा आवाज रोजचाच होता.

“तुझे शर्ट उद्या घेऊन जा,” ती म्हणाली. “परवा मशीन काढून नेणार आहेत.”

साहेबांच्या खोलीचं दार अजून उघडंच होतं.

“बरं,” तो म्हणाला.